नानेटी : खानदेशातील एका निर्विष सापाचा परिचय
(प्रस्तावना)

सापांची माहिती देणारे कोणतेही पुस्तक उघडले, तर त्याची पहिली पाने बहुधा नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांनी अडवलेली आढळतात. आणि ज्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे, म्हणजे दर वर्षी सरासरी ५८,००० माणसे, दगावली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, त्या देशात शत्रूचा परिचय आधी करून द्यावा हे सयुक्तिकही आहे. तथापि या क्रमाचा एक अनिष्ट परिणाम असा होतो, की वाचक ती चार नावे ध्यानात ठेवतो, त्यांची लक्षणे विसरतो, आणि पुढे बांधावर, विहिरीच्या पायरीवर अथवा केळीच्या बागेत जो साप प्रत्यक्ष दृष्टीस पडतो त्याला त्या चौघांपैकीच कोणीतरी मानून काठी उचलतो. प्रस्तुत पुस्तिकेत हा क्रम हेतुपुरस्सर उलटा केलेला आहे. जिच्यापासून माणसाला कोणताही अपाय नाही, जी आकाराने लहान, स्वभावाने भित्री आणि पावसाळ्यात पावलोपावली भेटणारी आहे, त्या नानेटीपासून येथे आरंभ केला असून, इतर सापांचा विचार तिच्या अनुषंगाने केला आहे.

असे करण्याचे कारण थोडक्यात सांगितले पाहिजे. ओळख दृढ होते ती वर्णन पाठ केल्याने नव्हे, तर एकच वस्तू निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या उजेडात आणि निरनिराळ्या वयात पुनःपुन्हा पाहिल्याने; आणि अशी संधी देणारा साप दिवसा हिंडणारा, विपुल आणि निर्धोक असावा लागतो. मण्यार रात्रीची निघते, फुरसे दिवसा दगडाखाली दडून राहते, आणि नाग समोर आला असता त्याच्या खवल्यांचे निरीक्षण करण्याइतकी स्वस्थता पाहणाऱ्याच्या अंगी उरत नाही. नानेटी मात्र दिवसाढवळ्या ओल्या गवतातून बेडकांच्या मागावर फिरते. ज्याने तिला अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलापासून पूर्ण वाढलेल्या मादीपर्यंत सर्व अवस्थांत पाहिले, त्याला समोरच्या सापाचे नाव सांगता आले नाही तरी ‘ही नानेटी नव्हे’ एवढे खात्रीने म्हणता येते. आणि पाऊल पुढे टाकावे की मागे घ्यावे हे ठरविण्यास बहुतेक प्रसंगी एवढे ज्ञान पुरते.

हा विषय खानदेशाच्या संबंधात मांडण्यासही कारण आहे. तापीच्या दोन्ही तीरांवर पसरलेला, उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठा-सातमाळ्याच्या डोंगररांगा यांच्यामध्ये वसलेला हा मुलूख १९०६ साली पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश अशा दोन जिल्ह्यांत विभागला गेला. तेच आजचे जळगाव आणि धुळे, ज्यांपैकी धुळ्यातून १९९८ साली नंदुरबार वेगळा निघाला. उन्हाळ्यात येथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, काळ्या जमिनीला खोल भेगा पडतात आणि ओढे कोरडे पडतात. अशा प्रदेशात बेडकांवर जगणारा साप विपुल असावा हे प्रथमदर्शनी विस्मयकारक वाटते. परंतु खानदेश कोरडा असला तरी त्याने पाणी अडविण्याची विद्या फार पूर्वीच हस्तगत केलेली आहे. पांझरेवरील फड पद्धती हे तिचे सर्वश्रुत उदाहरण. नदीवर ओळीने बांधलेले बंधारे, त्यांतून उताराने निघणारे पाट, एकेका फडात सर्वांनी मिळून घ्यावयाचे एकच पीक, पाणी वाटून देणारा पाटकरी, पिकाची राखण करणारा जागल्या आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारा हवालदार, अशी ती गावकऱ्यांनी आपसांत चालविलेली चोख व्यवस्था होती. तिने माणसांसाठी ऊस पिकविला, आणि कोणाच्याही ध्यानीमनी नसता पाटाच्या काठाकाठाने बेडकांसाठी ओलाव्याची एक अखंड वाट तयार करून ठेवली. पूर्वेकडे रावेर, यावल आणि चोपडा या तालुक्यांतील केळीच्या बागांनी, त्यांतील दाट सावलीने आणि जमिनीवर कुजत पडणाऱ्या पानांनी तेच कार्य निराळ्या रीतीने केले. चांगदेवाजवळ तापी-पूर्णेच्या संगमाखाली हतनूरचे धरण झाल्यावर उथळ पाण्याचे आणि पाणवनस्पतींचे विस्तीर्ण क्षेत्र निर्माण झाले. जेथे असे पाणी तेथे बेडूक, आणि जेथे बेडूक तेथे नानेटी व तिची थोरली आप्त दिवड, असा हा संबंध आहे.

नानेटीची शास्त्रीय नोंद फार जुनी आहे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत, जिच्यापासून प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाचा आरंभ मानला जातो, तिला नाव दिले. त्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतील वैद्य पॅट्रिक रसेल याने कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांचा ग्रंथ १७९६ मध्ये काढला आणि त्यात सापांची नावे तेथील लोकांच्या तोंडून ऐकली तशीच छापली. घोणशीच्या शास्त्रीय नावात त्याचे स्मरण आजही राहिले आहे. १८७२ साली जोसेफ फेअरर याने हिंदुस्थानातील विषारी सापांवर जो भव्य ग्रंथ सिद्ध केला, त्यातील रंगीत चित्रे कलकत्त्याच्या कलाशाळेतील देशी चित्रकारांनी काढलेली होती. त्याच सुमारास सर्पदंशाने मेलेल्यांची वार्षिक कोष्टके सरकारी दप्तरी जमा होऊ लागली आणि साप मारून आणणारास खजिन्यातून बक्षीस देण्याचा उपक्रमही ठिकठिकाणी चालला. अशा उपक्रमाचे यश सर्वस्वी ओळखीवर अवलंबून होते, हे उघड आहे. कारण मारणाऱ्यास आणि मोजणाऱ्यास साप ओळखता येत नसेल, तर बक्षिसाची रक्कम नानेटी आणि धामण यांच्या नावे खर्ची पडण्यास कोणताच अडसर राहत नाही.

ओळखीचे हे काम पुढे लष्करी वैद्य फ्रँक वॉल याने मनावर घेतले. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून त्याने सामान्य सापांवर लेखमाला लिहिली, आणि विषारी साप कसे ओळखावे यावर जे स्वतंत्र पुस्तक रचले त्यात ओठांवरील, पाठीवरील आणि पोटाखालील खवल्यांची रचना हाच निर्णायक पुरावा मानला. माल्कम स्मिथच्या १९४३ सालच्या ग्रंथातही हीच पद्धती परिपूर्ण स्वरूपात दिसते. ही पद्धती निःसंशय अचूक आहे; पण तिच्यात एक व्यावहारिक अडचण अशी, की खवले मोजावयाचे तर साप हातात असावा लागतो, आणि शेतकऱ्याच्या हातात आलेला साप बहुधा मेलेला असतो. जिवंत साप चार पावलांवरून, क्षणभरात आणि गवताआडून ओळखावयाचा असेल तर निराळ्या खुणा हव्यात. खवल्यांचे वर्णन या पुस्तिकेत दिले आहेच, परंतु प्राधान्य दुरून दिसणाऱ्या लक्षणांना दिले आहे.

नानेटीची लांबी साधारणतः ४० ते ५० सेंटिमीटर, म्हणजे हातभर किंवा त्याहून किंचित अधिक असते; ८० सेंटिमीटरपर्यंत पोचलेली नानेटी ही मोठी समजावी, आणि अशी मोठी बहुधा मादीच असते. पाठीचा रंग शेवाळी तपकिरी किंवा राखट, आणि त्यावर मानेच्या मागून शेपटीपर्यंत जाणारे दोन फिकट पिवळे पट्टे, ही तिची मुख्य खूण होय. शरीराच्या पुढच्या भागात या पट्ट्यांना छेदणाऱ्या काळसर आडव्या रेघा किंवा ठिपक्यांच्या ओळी असतात आणि छेदाच्या जागी लहानसा पांढरट ठिपका दिसतो. मागे जावे तसतशा आडव्या रेघा विरळ होतात आणि उभे पट्टे अधिक स्वच्छ दिसू लागतात. ओठ पिवळसर, डोळ्याच्या पुढे-मागेही पिवळसर छटा, बाहुली वाटोळी, पोट पांढरट आणि त्याच्या दोन्ही कडांना बारीक काळे ठिपके. पाठीवरच्या बहुतेक खवल्यांच्या मध्यातून एक उभा कंगोरा गेलेला असल्यामुळे अंग चकाकत नाही. काही नानेट्यांच्या मानेवर तांबूस रंगाची झाक असते. आणि भयभीत झाल्यावर ती अंग फुगवते व चपटे करते, तेव्हा एरवी झाकलेली खवल्यांमधली निळसर त्वचा उघडी पडून तिचे रूप क्षणात पालटते. ज्याने तिचे शांत रूपच पाहिले आहे त्याला हा दुसराच साप वाटतो, आणि घोटाळ्याचा आरंभ येथेच होतो.

असे घोटाळे मुख्यतः काही सोप्या सूत्रांमुळे होतात, म्हणून त्यांची छाननी करणे अगत्याचे आहे. डोके त्रिकोणी तो साप विषारी, हे त्यांतील सर्वांत लोकप्रिय सूत्र. वस्तुतः नाग आणि मण्यार यांची डोकी त्रिकोणी नसतात, उलट डिवचलेली दिवड जबडे फाकवून आपले डोके पाहता पाहता त्रिकोणी करते. बाहुली उभी तो विषारी, हे दुसरे सूत्र. पण नागाची बाहुली वाटोळीच असते. अंग खरखरीत तो विषारी, हे तिसरे; परंतु कंगोऱ्यांचे खवले फुरशाला आहेत तसेच नानेटीलाही आहेत, आणि मण्यारीचे अंग तर गुळगुळीत असते. पंचनाम्यात एकाच साक्षीदाराच्या जबानीवर निष्कर्ष काढीत नाहीत. जागा, वेळ, खुणा आणि परिस्थिती यांचा मेळ बसतो किंवा नाही हे पाहतात. सापाच्या बाबतीतही रंग, नक्षी, आकार, हालचाल, स्थळ आणि प्रहर यांची साक्ष एकत्र घेतली पाहिजे.

या रीतीने पाहिले असता चारही विषारी साप नानेटीपासून स्पष्टपणे वेगळे काढता येतात. मण्यारीच्या निळसर काळ्या, चकचकीत अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात, ते बहुधा जोडीजोडीने येतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. उभा पट्टा तिला नसतो. (मण्यार समजून मारला जाणारा कवड्या मात्र याच्या उलट, म्हणजे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट पट्ट्यांचा असतो.) घोणस अंगाने स्थूल, शेपटीने आखूड, आणि तिच्या पाठीवर लंबगोल ठिपक्यांच्या तीन माळा असतात. फुरसे लांबीने नानेटीएवढेच असल्यामुळे येथे विशेष सावधगिरी हवी. त्याच्या कुशीवरून जाणारी फिकट रेघ नागमोडी असते, नानेटीचा पट्टा सरळ असतो, आणि डिवचले असता फुरसे वेटोळे घालून खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज करते, तर नानेटी पळ काढण्याची संधी शोधते. नागाशी होणारा घोटाळा हा मानेच्या चपटेपणामुळे होतो. पण नाग शरीराचा पुढला भाग उभा उचलून मानेच्या फासळ्या पसरतो आणि खरा फणा काढतो, तर नानेटी जमिनीलगत राहूनच मान व अंग रुंद करते. दिवड मात्र तोंड उचलून मान पसरते आणि सपाट्याने चावतेही, त्यामुळे नागाच्या नावाने तिचा बळी अधिक जातो. तिच्या डोळ्यापासून तिरप्या निघालेल्या दोन काळ्या रेघा, एक डोळ्याखाली आणि एक मागे, आणि अंगावरील चौकड्यांची नक्षी ध्यानात ठेवली तर हा अन्याय टळण्यासारखा आहे. तिचा चावा झोंबतो, रक्तही येते, पण ती विषारी नाही.

नानेटीचा जीवनक्रम खानदेशाच्या ऋतुमानाशी घट्ट बांधलेला आहे. कडक उन्हाळ्यात ती जमिनीच्या भेगांत, वारुळांत किंवा दगडांच्या सांदीत निपचित पडून राहते. मृगाचे पाणी जमिनीत मुरले की बाहेर येते, आणि पहिल्या पावसानंतरच्या काही दिवसांत ती जितकी दिसते तितकी वर्षभरात क्वचितच दिसते. बेडूक, लहान भेक, मासे, कधी पाल आणि गांडुळे हे तिचे भक्ष्य. आवळून किंवा विषाने मारण्याचे साधन नसल्यामुळे ती भक्ष्य जिवंतच गिळते. मादी उन्हाळ्याच्या सुमारापासून पावसाळा सरेपर्यंत केव्हातरी मऊ मातीत अंडी घालते; ती बहुधा दहाच्या आत, क्वचित पंधरापर्यंत असतात. पिले वीतभरही नसतात आणि जन्मतःच त्यांच्यावर आईचे दोन्ही पट्टे उमटलेले असतात.

तिचे नातेवाईक मात्र फार दूरवर पसरले आहेत. उत्तर अमेरिकेत बागांतून आणि ओढ्यांच्या काठाने सर्वत्र आढळणारे, पाठीवर बहुधा तीन फिकट पट्टे मिरविणारे जे गार्टर साप, ते आणि आपली नानेटी एकाच उपकुलातील होत. पट्टे, कंगोऱ्यांचे खवले, बेडकांची आवड, ओलाव्याची ओढ आणि माणसाला निरुपद्रवीपणा ही लक्षणे दोहोंत समान आहेत. भेद आहे तो प्रजननाचा : नानेटी अंडी घालते, तर अमेरिकेतील या उपकुलातील साप पिलांना जन्म देतात. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात नार्सिस येथे हिवाळाभर चुनखडकाच्या विवरांत राहिलेले हजारो गार्टर साप वसंतात एकाच वेळी बाहेर पडतात, आणि ते दृश्य पाहण्यास लोक दुरून जातात. खानदेशाची नानेटी उन्हापासून बचाव करण्यास भुईत शिरते आणि मॅनिटोबातील तिचा भाऊबंद हिमापासून. हवामान परस्परविरुद्ध असूनही उपाय एकच आहे. या घराण्याविषयी एक इशाराही दिला पाहिजे : सर्वच आप्त नानेटीइतके निर्धोक नाहीत. पूर्व आशियातील काही जाती, विशेषतः जपानमधील यामाकागाशी, दंशाने माणसाचा प्राण घेऊ शकतात. म्हणून अमुक कुलातला म्हणजे निर्विष, असा सरसकट निवाडा न करता ओळख जातीपर्यंत नेली पाहिजे.

आता या सापाचा उपयोग काय, असा प्रश्न हटकून विचारला जातो. सापांची बाजू मांडणारे बहुतेकजण त्यांना शेतकऱ्यांचा मित्र म्हणतात, आणि उंदरांचा फडशा पाडणाऱ्या धामणीच्या बाबतीत ते यथार्थ आहे. परंतु नानेटीचे वकीलपत्र घेताना हा मुद्दा कामाचा नाही. ती उंदीर खात नाही. ती बेडूक खाते, आणि बेडूक स्वतःच पिकावरील किडे खाऊन शेतकऱ्याचे हित करीत असतो. तिची खरी किंमत निराळ्या हिशेबात आहे. ती मुंगूस, मोर, शिकारी पक्षी आणि मण्यारीसारखे सापच खाणारे साप यांचे भक्ष्य आहे. आणि ज्या शिवारात ती टिकून आहे तेथे बेडूक आहेत, बेडूक आहेत तेथे निदान पावसाळाभर न विटाळलेले पाणी आहे, असे अनुमान निर्धास्तपणे करता येते. बंधारे गाळाने भरले, पाटांना सिमेंटचे अस्तर आले, विहिरींवरच्या मोटा आणि त्यांची थारोळी गेली, कीटकनाशकांचा मारा वाढला. ठिबकाने पाण्याची मोठी बचत केली हे खरे, पण सरीतून वाहणारे उघडे पाणीही त्याबरोबर कमी झाले. या स्थित्यंतरांतील काही इष्ट होती आणि काही अपरिहार्य. त्यांचा परिणाम प्रथम कोणावर दिसतो हे पाहावयाचे असेल, तर नानेटीवर नजर ठेवावी.

या पुस्तिकेच्या उपयोगाविषयी दोन गोष्टी निक्षून सांगावयाच्या आहेत. पहिली, ओळखण्याचा अधिकार म्हणजे हाताळण्याचा अधिकार नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने साप पकडणे, बाळगणे आणि मारणे यांवर निर्बंध घातले आहेतच. पण कायदा बाजूस ठेवला तरी, वर्णन वाचून साप उचलणारा माणूस एखाद्या दिवशी फुरसे उचलील. दुसरी, दंश झाल्यावर पुस्तक उघडू नये. साप कोणता होता याविषयी तिळमात्र संशय असेल तर दंश विषारीच समजावा. जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाच्या दारी वेळ दवडू नये. दंश झालेला अवयव हलू न देता रोग्यास ताबडतोब रुग्णालयात न्यावे. वर सांगितलेल्या चारही सापांच्या विषावर चालणारी एकच लस आपल्याकडे उपलब्ध असल्यामुळे, साप मारून वैद्यापुढे नेण्याचीही गरज नाही.

पुढील प्रकरणांची मांडणी अशी आहे : आधी नानेटीचे सांगोपांग वर्णन, मग दिवड आणि गवत्या या तिच्या येथील आप्तांचे, त्यानंतर तिच्याशी गोंधळ होणाऱ्या विषारी व निर्विष सापांची तुलना, आणि शेवटी महिनेवार निरीक्षणासाठी कोष्टके. ती कोष्टके मुद्दाम कोरी ठेवली आहेत. नानेटी भारतभर आढळत असल्यामुळे तिच्या अंडी घालण्याचे, दडून राहण्याचे आणि बाहेर पडण्याचे महिने प्रांतागणिक बदलतात, आणि आसामच्या पावसात किंवा सिंहलद्वीपात केलेल्या नोंदी साक्री-शिरपूरच्या उन्हाला जशाच्या तशा लागू पडण्याचे कारण नाही. वाचकाने साप दिसल्याची तारीख, प्रहर, पिकाचे नाव, जवळचे पाणी आणि सापाची हालचाल एवढे टिपून ठेवावे. येथील एखादे विधान त्याच्या शिवारातील अनुभवाशी जुळत नसेल, तर आपली नोंद न खोडता ती आम्हाला कळवावी. अशा टिपणांच्या आधारे दुसऱ्या आवृत्तीत हा मजकूर दुरुस्त करण्यात येईल, आणि खानदेशातील सापांचे ज्ञान खानदेशातील शेतकऱ्यांच्या नोंदींवर उभे राहील.